ग्रंथालयाच्या नोंदींना भाषा-कोड देताना: जानेवारी ते मार्च २०२५

आमचं सार्वजनिक ग्रंथालय सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीजवळ आहे. पुस्तकं ४,३०० च्या आसपास, शिवाय दशावतारी नाटकांची हस्तलिखितं आणि मोडी कागदांचं एक गाठोडं. दाखल नोंदवह्यांमधून हे सगळं कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीत, चढवायचं काम गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. त्यातला भाषेचा रकाना माझ्याकडे आला. वाटलं होतं, दोन रविवारांत संपेल. तीन महिने लागले. दुसऱ्या कुणा ग्रंथालयाचे तेवढे महिने वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

भाषा-कोड म्हणजे पुस्तकाची भाषा संगणकाला सांगणारी दोन-तीन अक्षरं. कोड खरे रोमन छोट्या अक्षरांत लिहायचे असतात. इथे ते उच्चारून लिहिले आहेत: एमएआर म्हणजे एम, ए, आर ही तीन अक्षरं.

५ जानेवारी

सुरुवात जुन्या नोंदवह्यांपासून. पाच वह्या, पाच जणांची अक्षरं. भाषेच्या रकान्यात मराठीच सहा तऱ्हांनी लिहिलेली सापडली: म., मरा., मराठी, म/सं, कुठे नुसतं वरच्यासारखं म्हणून दोन टिंबं, कुठे कोरं. कोकणीसाठी को. आणि कों. दोन्ही. एका वहीत भाषेच्या जागी "बाल" लिहिलंय, म्हणजे बालविभाग. टिंबांच्या बाबतीत पान उलटलं की वरची भाषा कोणती हेच कळत नाही, कारण मागच्या पानाची शेवटची ओळ पाहावी लागते. आज फक्त मोजदाद केली, एकही कोड दिला नाही. तो दिवस वाया गेला असं तेव्हा वाटलं. पुढे ह्याच मोजदादीने दोनदा वाचवलं.

८ जानेवारी

यादी कोणती घ्यायची? आयएसओ ६३९ या भाषा-कोडांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तीन याद्या समोर होत्या. पहिली दोन अक्षरांची, सुटसुटीत, मराठीला एमआर. मला तीच हवी होती. पण त्या यादीत कोकणीच नाही! गोव्याच्या वेशीवरच्या ग्रंथालयाला ती यादी कशी चालणार? तिसरी, म्हणजे ६३९-३, सात हजारांहून जास्त भाषांची, अहिराणीला आणि वऱ्हाडीलाही स्वतंत्र कोड देणारी. मधली, म्हणजे ६३९-२, तीन अक्षरांची, पाचशेच्या आतली. मराठी एमएआर, संस्कृत एसएएन, कोकणी केओके, पोर्तुगीज पीओआर.

कोहात नोंदी मार्क २१ पद्धतीने (पुस्तकाची माहिती क्रमांक दिलेल्या रकान्यांत भरायचा ठरलेला साचा) बसतात आणि मार्कची भाषासूची ह्या मधल्या यादीशी जुळते. म्हणून तीच घेतली. यादी आपल्या आवडीने निवडायची नसते, नोंद ज्या साच्यात बसणार तो साचाच ती ठरवतो, हे ध्यानात यायला तीन संध्याकाळी गेल्या.

१२ जानेवारी

पहिला मोठा घोटाळा. कॉलेजच्या दोन मुलांनी आठवडाभरात ६१२ पुस्तकं चढवली आणि सगळी इंग्रजी निघाली. चूक पूर्णपणे आमची. ००८ हा रकाना नव्या नोंदीत आपोआप भरतो आणि भाषेच्या जागी ईएनजी येतं. ते बदलायची सोय कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, आहे, ००८ च्या मूळ भाषेची. ती आम्ही पाहिलीच नव्हती. तिथे एमएआर टाकायला अर्धं मिनिट लागलं.

खरं नुकसान ते दुरुस्त करताना झालं. ००८ म्हणजे सलग ४० अक्षरांची एक पट्टी. भाषा ३५ ते ३७ या घरांत. मी घरं एकपासून मोजली. ती शून्यापासून मोजायची असतात. त्यामुळे एमएआर एक घर आधी जाऊन बसलं, जुन्या ईएनजीमधला शेवटचा जी तसाच राहिला, आणि भाषेच्या तीन घरांत तयार झालं एआरजी. एआरजी हा खरा कोड आहे, स्पेनमधल्या आरागोनी भाषेचा. संगणकाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. भाषेनुसार गाळून पाहिलं तेव्हा आमच्या ग्रंथालयात आरागोनी पुस्तकं ६१२.

शिवाय ३४ वं घर चरित्र-आत्मचरित्राच्या खुणेचं असतं. तिथे एम जाऊन बसल्याने ती खूण पुसली गेली. बॅकअप घेतलेला नव्हता. चरित्रांचं कपाट उघडून एकेक पुस्तक हातात घेऊन ती खूण परत दिली. पूर्ण रविवार गेला. घाऊक बदल करण्याआधी पाच नोंदींवर करून बघायचा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय अजिबात नाही, हे त्या दिवसापासून भिंतीवर लिहून ठेवलंय.

१९ जानेवारी

मुलांना टाईप करायला सोपं जावं म्हणून स्प्रेडशीटमध्ये एक तात्पुरता क्रमांक ठेवला होता: भाषेचा कोड, आडवी रेघ, पुस्तकाचा अनुक्रम. एमएआर-१२, एमएआर-७५ असा. मराठीचा कोड आणि मार्च महिन्याचं इंग्रजी लघुरूप एकच! एमएआर-१२ ची १२ मार्च झाली, एमएआर-७५ चा मार्च १९७५ झाला. तीन आकडी अनुक्रम मात्र शाबूत राहिले, आणि मी तपासायला उघडलेलं पान नेमकं शंभरच्या पुढचं होतं. म्हणून चार दिवस पत्ता लागला नाही.

नुसता फॉरमॅट बदलून मूळ मजकूर परत येत नाही, कारण आत तारखेचा आकडा साठवलेला असतो. पहिल्या ९९ ओळी हाताने पुन्हा लिहिल्या. ओळीमागे ४ रुपये देतो, म्हणजे ३९६ रुपये. पैसे फार नाहीत, पण मुलांचा हिरमोड झाला त्याचं वाईट वाटलं. आता तो स्तंभ टाईप करण्याआधी टेक्स्ट म्हणून ठरवतो आणि कोड व अनुक्रम वेगवेगळ्या स्तंभांत ठेवतो. तमिळ, गुजराती पुस्तकांच्या यादीत ही अडचण कधी येणार नाही. मराठीवाल्यांनी मात्र सांभाळावं.

२५ जानेवारी

छोटी अडचण. फ्रेंच ७, जर्मन ३, फारसी २ पुस्तकांना भाषा कोरी दिसत होती. कोड एफआरए, डीईयू, एफएएस असे दिलेले, आणि तेही खरेच. पण ६३९-२ मध्ये २० भाषांना दोन-दोन कोड आहेत. एक ग्रंथसूचीसाठी, इंग्रजी नावावरून आलेला, दुसरा भाषेच्या स्वतःच्या नावावरून. मार्कला ग्रंथसूचीचा हवा: एफआरई, जीईआर, पीईआर. मराठी, संस्कृत, हिंदी, गुजराती, कन्नड, पोर्तुगीज, कोकणी यांतल्या एकीलाही हा दुहेरीपणा नाही, म्हणून इतके दिवस निभावलं. बारा पुस्तकं, वीस मिनिटं.

२ फेब्रुवारी

आज पोर्तुगीजचं कपाट. वहीत "पो." लिहिलेली ५४ पुस्तकं. आमच्याकडे पोर्तुगीज वाचणारं कुणी नाही, म्हणून वहीवर विश्वास ठेवून सगळ्यांना पीओआर देणार होतो. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या, आता पंचाहत्तरीच्या एक आजी वर्तमानपत्र वाचायला रोज येतात. त्यांनी टेबलावरचं एक पातळ पुस्तक उचललं, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. मी ऐकतच राहिलो, कारण मला ते समजत होतं.

"ह्यां पोर्तुगीज न्हय रे बाबा, आमची कोंकणी ही."

मुखपृष्ठावर एक शब्द होता, सुरुवात एक्स अक्षराने, शेवटी दोन एन. मी तो मनात "झिकोव्न" असा काहीतरी वाचत होतो. आजींनी एक्सवर बोट ठेवलं: "हो श." शब्द होता शिकवण. रोमन कोकणीत एक्सचा उच्चार श. एवढं एक अक्षर कळलं आणि पुढची दोन पानं मी स्वतः अडखळत वाचली.

चार दुपारी आजी येऊन बसल्या. ५४ पैकी ११ पुस्तकं कोकणी निघाली. तीस-चाळीस वर्षं ती पोर्तुगीजच्या कपाटात होती, आणि गावात कोकणी वाचणारी माणसं असून कुणाच्या हाताला लागली नाहीत. मला हे फार लागलं. वही लिहिणाऱ्याने लिपी पाहिली आणि तिलाच भाषा समजला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापलं गेलं आणि त्याची भाषा मराठी. आपल्या पट्ट्यात अक्षरावरून भाषा ओळखता येत नाही.

कोकणीला केओके द्यायचा की आणखी बारीक कोड? ६३९-३ मध्ये केओके ही छत्री आहे आणि तिच्याखाली दोन कोड: गोव्याच्या कोकणीला जीओएम, दुसरा केएनएन. मार्कमध्ये केओके आहे, तोच ठेवला. गोव्यातलं पुस्तक कुठलं आणि मंगळूरचं कुठलं हे प्रकाशनस्थळावरून कळतंच. लिपी मात्र ५४६ या टिपेच्या रकान्यात शब्दांत लिहिली: "कोकणी, रोमन लिपी". तीन पुस्तकं कन्नड लिपीतली कोकणी आहेत, त्यांनाही तसंच.

९ फेब्रुवारी

दशावतारी नाटकं आणि मालवणी एकांकिका, हस्तलिखितं ६३. ह्या नोंदीसाठी मी सगळ्यात जास्त झगडलो.

मालवणीला कोणत्याही यादीत स्वतंत्र कोड नाही. अहिराणीला आहे, वऱ्हाडीला आहे, आमच्या बोलीला नाही. भाषांच्या काही सूच्यांत ती कोकणीखाली धरली जाते. हे बैठकीत सांगितलं आणि दोन तास गेले. आमचे गुरुजी चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, मालवणी ही मराठीची बोली, एमएआर द्या. कार्यकारिणीतले एक जण म्हणाले, घरात आम्ही बोलतो ती गोव्यात समजते, मग केओके का नको? ग्रंथपालताई शांतपणे यादी चाळत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "पण मालवणी खंय आसा ह्यात?"

त्या प्रश्नावर मी एक पळवाट काढली. ६३९-२ मध्ये क्यूएएपासून क्यूटीझेडपर्यंतचे ५२० कोड स्थानिक वापरासाठी मोकळे ठेवलेत. त्यातला पहिला, क्यूएए, मालवणीला दिला. सगळे खूश झाले, मीही. मालवणी गाळली की ६३ हस्तलिखितं अलगद समोर येत होती. (हा निर्णय १७ मार्चला मागे घेतला. ज्यांना घाई आहे त्यांनी ती नोंद आधी वाचावी.)

१६ फेब्रुवारी

संस्कृत मूळ आणि मराठी अर्थ असलेली पुस्तकं: स्तोत्रं, आर्या, वैद्यकाचे ग्रंथ, साधारण १४०. मुलांनी यातल्या बऱ्याच पुस्तकांना एमयूएल दिला होता, म्हणजे अनेक भाषा. नाव वाचून तोच योग्य वाटतो, पण तो दोन भाषांच्या पुस्तकाला नसतो. मार्कमध्ये तो सहाहून अधिक भाषा असतील तेव्हाचा उपाय. दोन भाषा असतील तर ००८ मध्ये मुख्य भाषा आणि ०४१ या भाषांच्या वेगळ्या रकान्यात दोन्ही.

०४१ भरताना मी एका जुन्या नमुन्यावरून एसएएनएमएआर अशी सहा अक्षरं एकाच सबफील्डमध्ये, म्हणजे रकान्यातल्या उपभागात, चिकटवली. एके काळी तशी पद्धत होती. आता प्रत्येक कोडला वेगळा सबफील्ड ए लागतो. चिकटवलेल्या नोंदी संस्कृतच्या शोधात येत नव्हत्या, आणि वेदपाठशाळेतला एक मुलगा हात हलवत परत गेला तेव्हा ते कळलं. पुस्तक कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून बोलावलं.

अनुवादांना ०४१ चा पहिला निर्देशक (रकान्याच्या सुरुवातीचा खुणेचा आकडा) १, सबफील्ड ए मध्ये आपल्या हातातल्या पुस्तकाची भाषा, एच मध्ये मूळ भाषा. बंगालीवरून मराठीत आलेल्या कादंबऱ्या आमच्याकडे भरपूर, आणि आता त्या एका शोधात एकत्र येतात. हे मला फार आवडलं.

जुनी मराठी वेगळी दाखवावी का, हा विषय निघाला. ६३९-३ मध्ये तिला ओएमआर आहे. आमच्या यादीत नाही. वाचक संतवाङ्मय मराठीतच शोधतो, म्हणून एमएआर. पाच मिनिटांत मिटलं.

२३ फेब्रुवारी

मोडी गाठोडं, कागद ३१. वाचता येत नाहीत म्हणून मुलांनी सगळ्यांना झेडएक्सएक्स दिला होता. तो कोड भाषाच नसलेल्या वस्तूचा असतो, फोटो किंवा नुसत्या वाद्यसंगीताची ध्वनिफीत अशांचा. आपल्याला वाचता न येणं वेगळं आणि कागदावर भाषाच नसणं वेगळं. ओळख न पटलेल्या भाषेला यूएनडी.

मोडी वाचक बोलावले, दिवसाचे ७०० रुपये मानधन, दोन दिवस. त्यांनी १२ कागद वाचले. ११ मराठी: जमिनीचे, देण्याघेण्याचे, एक दत्तकपत्राचा मसुदा. बारावं पत्र मोडीत लिहिलेलं हिंदी निघालं. मोडी दिसली की मराठी, असं धरून मी सगळ्यांना एमएआर द्यायच्या बेतात होतो! रोमन कोकणीची चूक तीन आठवड्यांत पुन्हा करणार होतो. उरलेले १९ कागद यूएनडी, आणि टिपेत "मोडी लिपी, अद्याप वाचलेले नाहीत".

८ मार्च

स्कॅन केलेल्या वस्तूंसाठी दुसरी प्रणाली, तिथे मार्कऐवजी डब्लिन कोर ही वर्णनाची साधी पद्धत. तिला बीसीपी ४७ पद्धतीचे, म्हणजे इंटरनेटवर वापरतात तसे, भाषा-टॅग हवेत आणि त्यांचा नियम उलटा: दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा. म्हणजे मराठी एमआर, संस्कृत एसए, पोर्तुगीज पीटी, पण कोकणी केओकेच, कारण तिला दोन अक्षरी कोड नाही. एका ग्रंथालयात दोन पद्धती ठेवायच्या नाहीत असा माझा हट्ट होता. तो सोडला. एका पानाचा तक्ता केला: डावीकडे भाषेचं मराठी नाव, मग मार्कचा कोड, मग टॅग. माणूस फक्त नाव लिहितो, कोड तक्त्यातून येतात. सोळा ओळींचा हा तक्ता पहिल्या दिवशी केला असता तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

ह्या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे लिपी टॅगातच सांगता येते. मोडीतली मराठी एमआर-मोडी. मोडीचा चार अक्षरी लिपी-कोड खरंच मोडी हाच आहे, फक्त पहिलं अक्षर मोठं. ते हिंदी पत्र एचआय-मोडी, न वाचलेले कागद यूएनडी-मोडी, रोमन कोकणी केओके-एलएटीएन. देवनागरी मराठीला लिपी लावायची नाही, नुसतं एमआर पुरे, कारण टॅगांच्या अधिकृत नोंदसूचीतच मराठीची नेहमीची लिपी देवनागरी धरलेली आहे. मी उत्साहात ४०० नोंदींना देवनागरी लावली होती, ती काढली. मधली रेघ आडवी हवी, अंडरस्कोर नाही. तयार याद्यांत ईएन_यूएस असं सापडतं, ते उचलू नये.

चूक झालीच. पोर्तुगीज पुस्तकांचं वर्णन आम्ही मराठीत लिहितो. मुलाने पुस्तकाची भाषा एमआर टाकली, कारण समोरचा मजकूर मराठी होता. वर्णनाची भाषा एक, वस्तूची भाषा दुसरी, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या. ४३ पुस्तकं मराठी होऊन बसली होती. ५ जानेवारीच्या मोजदादीशी बेरीज जुळेना, म्हणून पकडता आली.

१७ मार्च

शिमग्यानंतर पुन्हा काम. गोव्यातल्या एका ग्रंथालयाबरोबर २०० नोंदींची देवाणघेवाण करून पाहिली. आमच्या मालवणी नाटकांपुढे त्यांच्या पडद्यावर भलतंच नाव आलं. त्यांनीही क्यूएए वापरला होता, त्यांच्याकडच्या दुसऱ्याच एका बोलीसाठी. स्थानिक कोडचा अर्थ आमच्या उंबऱ्याच्या आतच होता. बाहेर तो चुकीचा झाला, आणि तोही खात्रीने वाचला जाणारा चुकीचा.

पुन्हा बैठक. ह्या वेळी वाद झाला नाही. मार्कमध्ये एमएआर, टिपेत स्पष्ट "मालवणी बोली", आणि विषयातही "मालवणी", म्हणजे शोधात सापडेल. डब्लिन कोरमध्ये एमआर-एक्स-मालवणी. एक्सनंतरचा भाग खासगी असतो, आठ अक्षरांपर्यंत चालतो, आणि मालवणी रोमनमध्ये सात अक्षरांत बसते. ज्या यंत्राला तो भाग कळत नाही, त्याला निदान एमआर कळतं. एमआर का, केओके का नाही? ह्या ६३ पैकी बहुतेकांत राजाचं आणि देवांचं भाषण ग्रांथिक मराठीत आहे, मालवणी आहे ती विनोदी पात्रांच्या तोंडी. पान उघडून मोजलं आणि ठरवलं. निव्वळ मालवणी अशा नऊ एकांकिका आहेत, त्यांच्याबद्दल गुरुजींचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या टिपेत ही गोष्ट तशीच लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढच्याला कळेल की इथे विचार झाला होता.

६३ नोंदी बदलायला दीड तास लागला. बॅकअप घेऊन, आधी पाच नोंदींवर.

३० मार्च, पाडवा

खर्च: टायपिंगचं पुन्हा काम ३९६, मोडी वाचक १,४००, छपाई आणि लॅमिनेशन ८५ रुपये. माझे रविवार अकरा.

सोळा ओळींचा तक्ता लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवला. त्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक निर्णयाचं कारण एकेका ओळीत आणि तारीख.

राहिलेलं काम: वहीत दोन टिंबं असलेली ७० पुस्तकं कपाटातून काढून बघायची आहेत. १९ मोडी कागदांसाठी वाचक मे महिन्यात पुन्हा येणार. आणि आजींनी सांगितलंय की "इं." लिहिलेल्या कपाटातही त्यांना एकदा बसायचंय. तिथे रोमन अक्षरांतली दोन पातळ पुस्तकं त्यांना परवा जाता जाता दिसली.